नव्या पटाशीला धार नसते

आजवर मी संघटनेसाठी बरीच पत्रकं काढली. त्यांतलं एकच साफ चुकीचं निघालं, आणि पंचाईत अशी की लिहिलेलं सगळ्यांत चांगलं तेच होतं. 'सुतारांनो, तुमच्या हातात बोथट हत्यार कोण देतंय?' असं शीर्षक, पुढं तीन उद्गारचिन्हं. वाचणारा पेटून उठला पाहिजे असं. पेटून उठलं कुणीच नाही. एका माणसाला हसू तेवढं आलं, आणि तो नेमका ज्याच्याविरुद्ध लिहिलं होतं तोच.

पण आधी वैनीचं सांगते.

वैनी म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची बायको. उद्यमनगरातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात ती नऊ वर्षं पॉलिशपेपर मारत होती. दारं, चौकटी, कपाटं, शिवाय जोतिबाच्या देवळाबाहेरच्या दुकानांत विकायला जातात ते लहान लहान देव्हारे. त्या कारखान्यात बायकांनी पॉलिशपेपर मारायचा, सरस लावायचा, भुसा झाडायचा. करवत, रंधा आणि पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, पुरुषांनी धरायची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर मी फाडला असता! न लिहिलेल्या नियमांचं हेच तर दुखणं आहे, त्यांच्यावर मोर्चा नेता येत नाही.

तिथं एक म्हातारे सुतार होते. नजर कमी झालेली. बारीक कोपरे त्यांना दिसायचे नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते आपली पटाशी वैनीच्या हातात द्यायचे आणि कोपरे तिच्याकडून साफ करून घ्यायचे. असं करत करत ती लाकडात भोक पाडायला शिकली, सांधा जुळवायला शिकली. यंदा म्हातारे घरी बसले आणि त्यांचं बेंच रिकामं झालं. वैनीनं मिस्त्रींना विचारलं, "ते बेंच मला द्या की." मिस्त्री म्हणजे कारखान्यातले मुख्य सुतार, मालकसुद्धा ज्यांचं ऐकतात असे. ते हसले. नुसते हसले, उत्तरसुद्धा दिलं नाही.

मी त्या हसण्यावर पत्रक काढलं (वर सांगितलं ते नव्हे, त्याच्या आधीचं) आणि दोन दिवस कारखान्याच्या गेटवर वाटलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः बाहेर आले.

"पत्रक वाचलं," ते म्हणाले. "अक्षर झ्याक हाय तुझं. आता असं कर. सोमवारी वैनीला घिऊन ये. पटाश्या तिच्या, मोगरी तिची. चौकटीच्या लाकडात भोक पाडायचं आन कुसू बसवायचं. बसलं तर बेंच तिचं. न्हाय बसलं तर त्या बेंचाचं परत नाव काढायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मी कोण कबूल करणारी? पण वैनी मागं उभी होती, तिनंही मान हलवली.

ज्यांनी सुतारकाम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढतात, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाचं भोक पाडतात. जीभ भोकात बसली की सांधा झाला, खिळ्याची गरज नाही. ऐकायला सोपं आहे. वैनीचं नऊ वर्षांचं गणित त्या एका भोकावर येऊन थांबलं होतं.

वैनीनं सोमवारपर्यंत रजा टाकली, आणि गुरुवारी आम्ही लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून चार पटाश्या आणल्या. पाव इंच, अर्धा, पाऊण आणि एक इंच. पिवळ्याधमक मुठी, चकचकीत पाती, टोकाला प्लास्टिकची टोपी. घरी येऊन दारातच बसलो. वैनीनं सागवानाचा तुकडा पायाखाली दाबला, अर्ध्या इंचाची पटाशी टेकवली आणि मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, ठोका घातला.

थप्.

सागवान कापलं नाही, चेंगरलं. दुसरा ठोका, तिसरा. उंदरानं कुरतडल्यागत खड्डा झाला, कडेच्या शिरा उखडून वर आल्या. वैनीनं पातं अंगठ्यावर फिरवलं. काही नाही. ते पातं घेऊन ती आंबासुद्धा कापू शकली नसती.

आता हे वाचणारा एखादा सुतार कपाळाला हात लावेल. लावू दे. वैनीच्या हातात आजवर जी पटाशी आली ती म्हाताऱ्यांनी आधीच धार लावून ठेवलेली. सुतार धार लावताना तिनं पाहिले होते, पण ती वापरून वापरून गेलेली धार परत आणायला, असं तिला वाटायचं. आणि मला तर काय, नवं ब्लेड पाकिटातून काढलं की कापतं, तसंच हे असणार. नवी वस्तू आणि बोथट? म्हणजे नकली माल!

"दुकानात नेऊन विचारूया की," वैनी म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? लोकांना लुटायचा धंदा आहे हा."

"अगं पण एकदा विचारून तरी बघूया. मी येतो संगं."

(आमच्याकडं बायकाही 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात. बाहेरच्यांनी दचकू नये.)

मी ऐकलं नाही. त्याच दुपारी पत्रक लिहिलं, शंभर झेरॉक्स काढल्या आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता खळीचा डबा घेऊन लक्ष्मीपुरीत. चाळीस चिकटवली. विजेच्या डीपीवर, दूध डेअरीच्या भिंतीवर, चहाच्या गाड्याच्या पाठीवर, आणि शेवटचं त्याच दुकानाच्या बंद शटरवर, बरोबर मधोमध. मग समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. वैनी पदर तोंडावर घेऊन माझ्या मागं.

दुकानदार मोपेडवरून आले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, सगळी पेठ ज्यांना चाचा म्हणते ते. गुरुवारी पटाश्या त्यांनीच दिल्या होत्या. त्यांनी मोपेड लावली, खिशातून चष्मा काढला आणि पत्रक वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. फाडलं नाही. कुलूप काढून शटर वर ढकललं, तसं माझं पत्रक शटरबरोबर गुंडाळत वर गेलं. मग वळून रस्त्यापलीकडं हाक मारली,

"ओ पावणं! हिकडं या की. लांबनं काय दिसतंय?"

गेलो. काय करणार.

"कुणी लिहिलंय?"

"मी."

"चांगलं लिहिलंयस. 'गोरगरीब कारागिरांच्या घामावर पोसलेले' म्हंजे ह्यो मी व्हय?" त्यांनी स्वतःच्या बारक्या पोटाकडं पाहिलं आणि हसले.

"तुम्ही आम्हाला बोथट पटाश्या विकल्या."

"विकल्या की. तीस वर्सं बोथटच विकतोय."

"म्हणजे कबूल!" मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं.

"कर, कर. नीट धर, माझा आवाज बसलाय." ते गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. "पोरी, नवी पटाशी धार लावून कोण विकतंय? कंपनी नुसता उतार काढून देती, मशिनवर. धार ज्याची त्यानं लावायची. कुणी सागवानात घालंल, कुणी बाभळीत. एकाला पातळ पायजे, एकाला जाड. कंपनीला काय ठावं? गिरणीतनं पीठ आणलंस म्हणून गिरणीवाला भाकरी भाजून देतोय व्हय तुला?"

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

वैनी पदराआड हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. मलाही हसू येत होतं, पण चळवळीतल्या माणसानं लगेच हसू नये असा माझा नियम आहे. मी म्हणाले, "मग हे विकतानाच सांगायला पाहिजे होतं."

"ह्ये मातर बरोबर हाय तुझं," चाचा म्हणाले. "पण चूक कुठं झाली सांगू? मी ह्या ताईंची बोटं बघितली. टोकं घासून गुळगुळीत झालेली, नखांत भुसा. मला वाटलं, ह्या सुतारच. सुताराला धार लावायला मी काय सांगू?"

वैनीचं हसू थांबलं. कारखान्यात नऊ वर्षांत तिला सुतार कुणी म्हटलं नव्हतं. तिनं चेहऱ्यावरचा पदर खाली घेतला आणि चारही पटाश्या पिशवीतून काढून गल्ल्यावर ठेवल्या. "सोमवारी परीक्षा हाय," ती म्हणाली, आणि बेंचाची सगळी हकीगत तिनंच सांगितली. माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

चाचा दुकान काढण्याआधी पंचवीस वर्षं सुतारकाम करत होते. त्यांनी गल्ल्याखालून दगड काढला. एक बाजू खरबरीत, दुसरी गुळगुळीत. दुकानाच्या पायरीवर पाण्याचं टमरेल ठेवलं, वैनीला बसवलं आणि माझ्याकडं वळले.

"तू किती चिकटवलीस?"

"चाळीस."

"जा, काढून आण. आन उरलेली साठ हितं ठेव, कामाला येतील." त्यांनी लांबी भरायची पत्ती माझ्या हातात दिली.

मी चांगली खळ करते. त्या दिवशी मला त्याचा पश्चात्ताप झाला. डीपीवरचं सुटता सुटेना, आणि चहावाला वर विचारतोय, "काय ताई, एवढ्यात क्रांती झाली व्हय?"

तासाभरानं, निघाली तेवढ्या तेवीस पत्रकांचा लगदा घेऊन परत आले, तर वैनी अजून पहिल्याच पटाशीवर. मला वाटलं होतं उतार, म्हणजे टोकाची तिरकी बाजू, घासायचा, झालं. पण पात्यावर गंज लागू नये म्हणून कंपनीनं लावलेला लाखेचा थर आधी थिनरनं पुसायचा होता, आणि मग उताराला हात न लावता पाठ घासायची होती. पाठ म्हणजे पात्याची सपाट बाजू. "धार म्हंजे दोन बाजू जिथं भेटत्यात ती जागा," चाचा सांगत होते. "एक बाजू वाकडी तर भेट कशी व्हायची?" नव्या पाठीवर मशिनचे ओरखडे असतात, मधे बारीक खोलगटपणा असतो. डोळ्याला दिसत नाही. माझ्या खिशात पोस्टर रंगवायचं काळं मार्कर होतं, ते चाचांनी मागून घेतलं आणि पाठ काळी केली. चार वेळा दगडावर घासल्यावर दोन कोपरे चमकले, मधे काळं तसंच. "जितं काळं हाय तितं दगड लागला न्हाय. घासा."

ती घासत राहिली. दगडावर करडं पाणी. परत काळं, परत घासणं. शेवटी टोकाची बोटभर पट्टी आरशासारखी झाली.

"कुंकू दिसतंय?" चाचांनी विचारलं.

वैनीनं पातं चेहऱ्यासमोर धरलं. "दिसतंय."

"आता उतार घ्या."

इथं मीही एक पटाशी घेतली, मदत म्हणून. उतार दगडावर पूर्ण टेकवायचा आणि तो कोन न सोडता मागंपुढं न्यायचा. माझा हात दर वेळी डुलायचा, आणि उतार सपाट व्हायच्याऐवजी पोट सुटल्यासारखा गोल झाला.

"तू भाषण करतीस तशी घासालीस," चाचा म्हणाले. "वर, खाली, वर, खाली. ठेव ती खाली, ताई नीट करतील."

आणि वैनीचा हात? हललाच नाही. एकसारखा दाब, सरळ रेषेत, खांद्यापासून. चाचा बघतच राहिले. मग म्हणाले, "ह्ये शिकायला मला वरीस लागलंतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मागोमाग रागही आला. नऊ वर्षं पॉलिशपेपर मारणं म्हणजे दुसरं काय असतं? सपाट जागा सपाट ठेवायची, दाब कुठं कमीजास्त होऊ द्यायचा नाही. ज्या कामाला बायकी म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्यानंच तिचा हात तयार केला होता. आणि त्या कारखान्यातल्या एकाही बुद्धिमंताच्या हे लक्षात येऊ नये! मी तिथल्या तिथं मुद्दा लिहून घेतला.

"पाठीवरनं बोट फिरवा. आडवं, जपून," चाचा वैनीला म्हणाले. "काय लागतंय?"

"केसागत कायतरी."

"तेच पायजे. दोन्ही बाजू भेटल्या म्हंजे कड पलीकडं वळती. आता गुळगुळीत बाजूवर घ्या, आन ती कड मोडा."

कड मोडल्यावर शेवटचा हात चामड्यावर. त्यासाठी चाचांनी आतून जुनं कोल्हापुरी पायताण आणलं, अंगठा तुटलेलं, तळ काळा कुळकुळीत. "ह्ये पत्रक वाचल्या वाचल्या काढावं वाटलंतं," ते माझ्याकडं बघत म्हणाले, "पण म्हटलं, जरा थांबूया." वैनीनं पातं तळावरून मागं ओढलं. दहा वेळा उतार, दहा वेळा पाठ.

मग चाचांनी उरलेल्या साठांतलं एक पत्रक उचलून हवेत धरलं. "घाला."

पातं टेकलं आणि 'गोरगरीब कारागिरांच्या घामावर' एकीकडं, 'पोसलेले' दुसरीकडं. आवाजसुद्धा नाही. मग मी हसले, नियम गेला खड्ड्यात.

"कागदावर जाऊ नका," चाचा म्हणाले. "कागद कायबी कापतंय." त्यांनी खोक्याच्या फळीचा तुकडा उभा धरला, कापलेलं टोक वर. मऊ लाकडाचं ते टोक कच्च्या धारेनं चुरगळतं म्हणे. वैनीनं दोन्ही हातांनी पटाशी दाबत नेली. अखंड पापुद्रा उठला, आणि खालचं लाकूड ओलं असल्यासारखं चमकायला लागलं. वैनीनं त्यावर अंगठा फिरवला, परत फिरवला. तिला तो तुकडा घरी न्यायचा होता. चाचा म्हणाले, न्या की.

उरलेल्या तीन पटाश्या तिनं शनिवार-रविवारी घरी केल्या. दगड चाचांनी वापरायला दिला. मी गोल करून ठेवलेलीसुद्धा तिनं सरळ केली. माझ्याकडं पाणी बदलायचं काम. मधल्या वेळात दुसरं पत्रक लिहिलं, 'नव्या पटाशीला धार नसते: एक दुरुस्ती.' आधी पाठ, मग उतार, मग चामडं, आणि शेवटी दुकानदारांची जाहीर माफी. उद्गारचिन्ह एकही नाही. जिथून जिथून पहिलं खरवडलं तिथं तिथं लावलं. आमच्या संघटनेतली मंडळी म्हणाली, पत्रकात माफी मागायची ही कुठली नवीन लाईन? म्हटलं, चुकलं की चुकलं.

सोमवारी आठला आम्ही कारखान्यात. बेंचाभोवती दहाबारा जण जमलेले. मिस्त्रींनी लाकूड पुढं टाकलं. लालसर, जड, दगडासारखं.

"ही बाभूळ आहे!" मी ओरडले. "इथं चौकटी सागवानाच्या होतात. हा सरळ सरळ डाव आहे!"

"चौकट म्हणालतो मी. लाकूड कुठलं, ते कवा म्हणालतो?"

मी पुढचं वाक्य उघडलं होतं. वैनी म्हणाली, "तू गप बस." मिस्त्रींना नाही, मला.

तिनं रेघा मारल्या, पटाशी टेकवली, मोगरी उचलली. टक्. तो गुरुवारचा थप् नव्हता. टक्, टक्, आणि खापरीसारखा छिलका उडाला. कुणीतरी म्हणालं, "आयला." मी छाती काढून उभी.

अर्ध्या भोकापर्यंत छान गेलं. मग आवाज बदलला, छिलके बारीक पडायला लागले. बाभळीनं धार खाल्ली होती. वैनीनं मोगरी खाली ठेवली.

"दमली," मागून एक जण म्हणाला. "सोडा वैनी, जाऊंदे."

वैनीनं पिशवीतून दगड काढला, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि बसली धार लावायला. सगळ्यांसमोर, शांत, घरी बसल्यासारखी. या वेळी मूठ जरा उचलून घासत होती. जड लाकडाला उतार जाड पाहिजे, हे चाचांनी सांगितलं होतं. पाठीवरून बोट फिरवलं, कड मोडली, तळहातावर दोन वेळा ओढलं. मिस्त्री पुढं सरकून तिच्या हाताकडं बघत होते, आणि आता ते हसत नव्हते.

परत टक्. भोक झालं. कुसू काढलं, बसवून पाहिलं. घट्ट होतं. एक पापुद्रा काढला, परत बसवलं, तळहातानं दाबलं आणि मोगरीचे दोन ठोके.

मिस्त्रींनी सांधा उचलला, उलटा केला, हलवला, डोळ्याला लावून उजेडाकडं धरला.

"हितं फट हाय. केसाएवढी."

"हाय," वैनी म्हणाली. "उद्याच्यात नसंल."

"धार कुणी शिकवली?"

"लक्ष्मीपुरीतल्या चाचांनी."

"ते व्हय!" मिस्त्रींनी सांधा खाली ठेवला आणि जमलेल्यांकडं वळले. "बघा रं. तुमच्यातली दोघं हायत, पटाशी बोथट झाली की शेजाऱ्याची ढापत्यात. आन ही नऊ वर्सं पॉलिशपेपर मारत होती." मग वैनीला म्हणाले, "बेंच घे. आजपासनंच घे."

सगळे हसत, त्या दोघांची नावं घेत पांगले. बेंच कोपऱ्यात होतं. वर बल्ब गेलेला, पंखा नाही, लाकूड धरायचा शिकंजा गंजून अडकलेला, छताच्या पत्र्याला मोठं भोक. मी वही काढली.

"मिस्त्री, या बेंचाला बल्ब नाही. पंखा पण..."

"ए," वैनी म्हणाली. तिनं बेंचावरचा भुसा हातानं लोटला होता, चारही पटाश्या मापानं ओळीत मांडल्या होत्या आणि एका अर्धवट देव्हाऱ्याचा पाय समोर ओढला होता. "तू जा आता घरला. मला काम हाय."

"अगं, पण बल्ब..."

"बल्बचं मी बघतो. जा."

तिनं मान वर केली नाही. मी वही मिटली आणि निघाले.